कमाई रुपयांत, देणी डॉलरांत : श्रीलंकेच्या मोबाइल बाजाराबद्दल वाचकांचे प्रश्न

२०२२ च्या आर्थिक संकटात श्रीलंकेतल्या फोन कंपन्यांचे आणि ग्राहकांचे काय झाले, यावर आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच मुद्द्याचे प्रश्न एकत्र केले आहेत. वेगळे सांगितले नसेल तिथे ‘रुपये’ म्हणजे श्रीलंकेचे रुपये.

प्रश्न : मार्च २०२२ मध्ये डॉलर साधारण २०० रुपयांना होता, मे महिन्यात तो ३६० च्या घरात गेला. मोबाइलचे दर मात्र सप्टेंबरात जेमतेम २० टक्के वाढले. मग कंपन्या तगल्या कशा? (पुणे)

उत्तर : आधी साधे गणित करू. ग्राहकाचे महिन्याचे बिल ५०० रुपये धरा. डॉलर २०० ला असताना कंपनीच्या हाती अडीच डॉलर येत. डॉलर ३६० झाल्यावर त्याच ५०० रुपयांचे १.३९ डॉलर झाले. २० टक्के वाढ मिळून बिल ६०० झाले, तरी १.६७ डॉलरच. म्हणजे दरवाढीनंतरही डॉलरच्या मापात एक तृतीयांश कमाई गेलीच.

हे मोजमाप महत्त्वाचे का, ते खर्चाच्या यादीवरून कळते. टॉवरवरची रेडिओ यंत्रे, त्यांचे सुटे भाग, सॉफ्टवेअरचे वार्षिक परवाने, समुद्राखालच्या केबलमधली बँडविड्थ आणि परदेशी कर्जाचे हप्ते ही देणी डॉलरांत असतात. पगार, जागांची भाडी, वीजबिल आणि दुकानदारांचे कमिशन रुपयांत. डिझेलचे पैसे रुपयांत मोजायचे, पण त्याचा भाव ठरतो डॉलरवर.

अशा वेळी कंपनीचा हात सर्वांत आधी नव्या गुंतवणुकीवर पडतो. नवे टॉवर थांबतात, क्षमतावाढ थांबते. मग सुट्या भागांची काटकसर सुरू होते. कमी वर्दळीच्या टॉवरवरचे एखादे कार्ड काढून शहरातल्या बंद पडलेल्या टॉवरवर बसवायचे. याचा परिणाम ग्राहकाला लगेच दिसत नाही. वर्षभराने संध्याकाळी आठ वाजता व्हिडिओ अडकू लागतो, तेव्हा कळतो. तिसरी वाट पॅकमधून जाते. किंमत तीच, पण मुदत ३० दिवसांवरून २८ किंवा २१ वर. हा प्रकार आपल्याकडच्या वाचकांना वेगळा सांगायला नको.

दरवाढीला तिथल्या दूरसंचार नियामक आयोगाची मंजुरी लागते आणि ती मिळायला ५ सप्टेंबर २०२२ उजाडला. मोबाइल, लँडलाइन आणि ब्रॉडबँडला २० टक्के, पे-टीव्हीला २५ टक्के. पण ग्राहकाचे बिल त्याआधीच फुगू लागले होते. १ जूनपासून दूरसंचार अधिभार ११.२५ वरून १५ टक्के झाला आणि व्हॅट ८ वरून १२. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला व्हॅट १५ वर गेला. म्हणजे पहिली वाढ सरकारच्या तिजोरीत गेली, टॉवर चालवणाऱ्याच्या वाट्याला त्यातला एक पैसा आला नाही. आमच्या मते चूक इथे झाली. जूनमध्येच करवाढ थोडी कमी आणि दरवाढ थोडी जास्त ठेवली असती, तर ग्राहकाच्या खिशाला तेवढाच चटका बसला असता आणि टॉवरना डिझेल मिळाले असते.

प्रश्न : दर सरळ डॉलरला का बांधत नाहीत? डॉलर चढला की बिल चढेल, उतरला की उतरेल. (नाशिक)

उत्तर : लेबनॉनमध्ये जवळपास हेच झाले. तिथल्या अल्फा आणि टच या दोन्ही मोबाइल कंपन्या सरकारी मालकीच्या. दर डॉलरांत लिहिलेले होते, पण वसुली १,५०७.५ लिरा या जुन्या सरकारी भावाने होत होती आणि खुल्या बाजारात लिराची किंमत पार धुळीला मिळाली होती. १ जुलै २०२२ पासून सूत्र बदलले. डॉलरमधला दर तीनने भागायचा आणि येणाऱ्या आकड्याला मध्यवर्ती बँकेच्या ‘सैरफा’ व्यवहारमंचावरच्या भावाने गुणायचे. तो भाव तेव्हा २५,००० लिराच्या आसपास होता. म्हणजे १० डॉलरचे पॅक आधी १५,०७५ लिराला पडे, ते सुमारे ८३,००० वर गेले. एका रात्रीत साडेपाचपट. ज्यांचा पगार लिरात होता त्यांना हे झेपणारे नव्हते. तरीही ओजेरो या सरकारी लँडलाइन संस्थेची एक्स्चेंजेस डिझेलअभावी बंद पडणे पुढेही चालूच राहिले.

दर दाबून ठेवले की नेटवर्क झिजते, डॉलरला बांधले की ग्राहक तुटतो. श्रीलंकेने पहिली वाट धरली, लेबनॉनने आधी पहिली आणि मग दुसरी. दर तीन महिन्यांनी ठरलेल्या सूत्राने थोडी थोडी वाढ देणे हा मधला मार्ग आहे. पण त्यासाठी राजकीय हिंमत संकटाच्या आधी लागते.

प्रश्न : मी विद्युत अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. रोज १०-१३ तास भारनियमन असेल तर मोबाइल टॉवर कसा चालवतात? बॅटऱ्या वाढवल्या की काम भागत नाही का? (कराड)

उत्तर : भागत नाही, आणि का ते नीट पाहण्यासारखे आहे. ३१ मार्च २०२२ ला श्रीलंकेत वीजकपात १३ तासांपर्यंत गेली होती. तोच दिवस धरून हिशेब मांडू.

मध्यम आकाराच्या टॉवरचा लोड अडीच किलोवॉट धरा. यंत्रे ४८ व्होल्ट डीसीवर चालतात. २ व्होल्टचे २४ सेल, ६०० अँपिअर-अवरचे, म्हणजे २८.८ युनिट साठा. बॅटरी नवी असेल आणि ८० टक्के वापरली तर २३ युनिट, म्हणजे सुमारे ९ तास. पण चार वर्षे जुन्या बॅटरीत ७० टक्के क्षमता उरलेली असते आणि आयुष्य टिकवण्यासाठी निम्मीच वापरायची म्हटले तर १० युनिट हाती लागतात. चार तासांत खेळ खलास.

खरी गोम चार्जिंगमध्ये आहे. शिशाची बॅटरी साधारण क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, इथे ६० अँपिअरने, भरतात. वापरलेले ४८० अँपिअर-अवर (६०० चे ८० टक्के) परत भरायला नुसत्या भागाकाराने आठ तास येतात. शेवटी प्रवाह आपोआप घटतो आणि १०-१५ टक्के वाया जातो, म्हणून प्रत्यक्षात १० ते १२ तास लागतात. १३ तास वीज नसेल तर उरतात ११, तेही तुकड्यातुकड्यांनी. बॅटरी रोज अर्धवट भरते, दुसऱ्या दिवशी आणखी खाली जाते. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक थर बसतात आणि काही महिन्यांत बॅटरी कायमची दुबळी होते. वर्षात चार-सहा वेळा लागणारी बॅटरी रोज वापरली की हेच होते. बॅटऱ्या दुप्पट केल्या तरी त्या भरायला तास तेवढेच आणि वीजही तेवढीच.

दुसरी अडचण रेक्टिफायरची, म्हणजे बाहेरून येणारी एसी वीज डीसी करणाऱ्या यंत्राची. लोडचे अडीच आणि चार्जिंगचे सव्वातीन (६० अँपिअर, सुमारे ५४ व्होल्टने) मिळून पावणेसहा किलोवॉट लागतात. २ किलोवॉटचे तीन मोड्यूल असतील तर जेमतेम पुरतात. त्यातला एक जळला तर चार्जिंगला दीडच किलोवॉट उरतो, म्हणजे २८ अँपिअर, आणि तेच काम १७ तासांवर जाते. मोड्यूल आयात करावा लागतो, आयातीला बँकेचे पतपत्र (विक्रेत्याला पैसे देण्याची हमी) लागते आणि बँकेकडे डॉलर नसतात. एवढ्याशा डब्यासाठी अख्खा टॉवर लंगडतो.

म्हणून जनरेटर आला. १५ केव्हीएचा संच कमी लोडवर तासाला अंदाजे २ लिटर डिझेल पितो. रोज चार तास चालवला तर ८ लिटर. डिसेंबर २०२१ अखेर डिझेल १२१ रुपये लिटर होते, तेव्हा एका टॉवरचा महिन्याचा खर्च सुमारे २९,००० रुपये. २६ जून २०२२ पासून भाव ४६० झाला, तेव्हा तोच खर्च १,१०,४०० रुपये. वर टँकर येईल याची खात्री नाहीच.

जनरेटर चालवण्याची रीतही चुकते. त्यावर फक्त अडीच किलोवॉटचा लोड ठेवला तर तो क्षमतेच्या २०-२२ टक्क्यांवर चालतो. डिझेल नीट जळत नाही, धुराड्यात काजळी आणि तेल साचते, इंजिन लवकर ओव्हरहॉलला येते. त्याऐवजी सलग काही तास चालवून त्याच वेळी बॅटरी पूर्ण वेगाने भरून घ्यावी. लोड निम्म्यावर जातो, लिटरमागे जास्त वीज मिळते, मग बंद करून बॅटरीवर यावे. टाकीतली पातळी दाखवणारा सेन्सर मुख्य कार्यालयाशी जोडलेला हवाच. टंचाईत डिझेल ‘उडून’ जाण्याचे प्रमाण हवामानावर अवलंबून नसते.

शेवटचा बचाव म्हणजे लोड टप्प्याटप्प्याने सोडणे. बॅटरी ४६ व्होल्टपर्यंत उतरली की ४जीची जादा क्षमतेची यंत्रे तोडायची, २जी आणि पुढच्या टॉवरला जोडणारी मायक्रोवेव्ह लिंक चालू ठेवायची. ४३.२ व्होल्टला, म्हणजे सेलमागे १.८ व्होल्टला, सगळेच बंद. हा आकडा कमी करून दहा मिनिटे जास्त मिळवण्याचा मोह होतो, पण सेल त्याने मरतात. ज्या टॉवरवरून पुढच्या पाच-सहा टॉवरची लिंक जाते तिथे डिझेल आधी पोचवायचे. तो पडला तर पुढचे भरल्या बॅटरीनिशी मुके होतात.

लिथियम बॅटरी यातला मोठा भाग सोडवते. ती तीन-चार तासांत भरते आणि अर्धवट भरलेली राहिली तरी बिघडत नाही. पण ती भरायला रेक्टिफायरही तेवढे मोठे लागतात, आणि किंमत पुन्हा डॉलरांतच.

प्रश्न : नातेवाईक कोलंबोत नोकरीला आहेत. त्या काळात वीज गेली की त्यांचा फोनही लागत नसे आणि घरचे इंटरनेटही बंद पडे. अशी वेळ पुन्हा आली तर घरच्या घरी काय करावे? (ठाणे)

उत्तर : जुन्या तांब्याच्या तारेवरच्या लँडलाइनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट मिळतात, घरात वीज नसली तरी ती चालते. फायबरचे तसे नाही. घरातल्या फायबरच्या डब्याला आणि राउटरला स्वतःची वीज लागते. एकत्र असतील तर १२ व्होल्टवर १० ते १२ वॉट.

त्यासाठी मोठा इन्व्हर्टर नको. बॅटरीतून २३० व्होल्ट बनवायचे आणि अडॅप्टरने पुन्हा १२ करायचे, यात बरीच वीज वाटेतच जाते. १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस थेट लावावा. १०,००० एमएएचचा लिथियम संच म्हणजे ३७ वॉट-अवर, अडीच-तीन तास चालतो. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी निम्मी वापरली तरी साडेतीन तास देते. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात : राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट (काही ९ चे असतात) आणि पिनची ध्रुवता. उलटी पिन लागली तर राउटर गेला.

मोबाइलची सेटिंग ‘फक्त ४जी’ वर ठेवू नये, ‘आपोआप’ ठेवावी. टॉवरने ४जी सोडून २जी चालू ठेवले असेल तर कॉल आणि एसएमएस तरी जातात. जवळचा टॉवर पडला की फोन लांबच्या टॉवरशी जास्त ताकद लावून बोलतो आणि चार्ज झपाट्याने उतरतो. वीज नसताना नेमके हेच नको असते. काही पाठवायचे-घ्यायचे नसेल तेव्हा विमान मोड लावावा.

प्रश्न : संकटात मोबाइल जोडण्या कमी होतात असे वाचले. लोक फोनच सोडतात का? (परभणी)

उत्तर : बहुधा दुसरे सिम सोडतात. श्रीलंकेत लोकसंख्येपेक्षा सिमकार्डे जास्त होती, कारण एकाच कंपनीच्या जाळ्यात बोलणे स्वस्त पडे आणि लोक दोन कंपन्यांची सिमे बाळगत. पैसे तुटले की दुसऱ्या सिमवर रीलोड होत नाही आणि ठरावीक दिवसांनी ते मोजणीतून गळते. खरी टंचाई कळायची तर दर ग्राहकामागची कमाई आणि सर्वांत लहान पॅकांची विक्री पाहावी. महिन्याचे पॅक घेणारा आठवड्याच्या पॅकवर आणि मग दिवसाच्या पॅकवर येतो. दिवसाचे पॅक हिशेबाने महाग पडते, पण एकरकमी पैसे नसणाऱ्याला दुसरा इलाज नसतो.

प्रश्न : ३ एप्रिल २०२२ ला तिथे समाजमाध्यमे बंद केली होती. कंपन्यांना नकार देता आला नसता का? आणि लोक तरीही कसे वापरत होते? (कोल्हापूर)

उत्तर : आणीबाणी आणि संचारबंदी लागू असताना, संरक्षण मंत्रालयाच्या विनंतीवरून नियामक आयोगाने हा आदेश दिला. परवाना ज्याच्या हातात आहे त्याचा आदेश कंपनीने न पाळणे जवळपास अशक्य. फेसबुक, व्हॉट्सअॅप, यूट्यूब, ट्विटर, इन्स्टाग्राम सुमारे १५ तास बंद राहिले आणि त्याच दिवशी दुपारनंतर सुरू झाले.

अशी बंदी सहसा दोन प्रकारे घालतात. एक, साइटच्या नावाला पत्ता देणाऱ्या यादीत फेरफार करायचा. दुसरा, जोडणी सुरू होताना उघडे जाणारे साइटचे नाव वाचून ती तोडायची. व्हीपीएन घेतले की कंपनीला फक्त परदेशातल्या एका सर्व्हरशी चाललेले कुलूपबंद बोलणे दिसते, म्हणून दोन्ही उपाय फसतात. एक फटका मात्र बसतो. स्वस्तातले ‘फक्त फेसबुक’ किंवा ‘फक्त व्हॉट्सअॅप’ पॅक घेणाऱ्याचा डेटा व्हीपीएनमधून गेला की नेटवर्कला तो फेसबुकचा म्हणून ओळखू येत नाही आणि मुख्य शिलकीतून पैसे कापले जातात. म्हणजे अशा बंदीची झळ सर्वांत आधी गरीब ग्राहकाला लागते.

प्रश्न : माझ्याकडे भारती एअरटेलचे शेअर आहेत. श्रीलंकेतली त्यांची कंपनी विकली, पण पैसे आले नाहीत, असे का? शिवाय ‘विनिमय तोटा’ म्हणजे प्रत्यक्ष गेलेले पैसे का? (मुलुंड, मुंबई)

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेऊ. कंपनीवर १०० डॉलरचे कर्ज असेल तर ते वहीत २०,००० रुपये दिसते. डॉलर ३६० झाला की तेच ३६,००० दिसते आणि १६,००० तोटा त्याच वर्षी लिहावा लागतो, जरी त्या वर्षी हप्ता एक डॉलरचाही नसला. म्हणून अशा वर्षी निव्वळ नफ्याआधी व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा पाहावा, आणि कर्ज कधी फेडायचे आहे ते पाहावे. मुदत लांब असेल तर तोटा बराचसा वहीतला राहतो. सहा महिन्यांत फेड असेल तर तो खराच. रुपयांत कर्ज काढून डॉलरचे फेडावे म्हटले, तर मध्यवर्ती बँकेचा कर्जदर जानेवारी २०२२ मधल्या ६.५ टक्क्यांवरून जुलैत १५.५ वर गेला होता.

आता एअरटेल. २००९ मध्ये ती श्रीलंकेत उतरली तेव्हा पाच कंपन्यांत दरयुद्ध पेटले होते आणि नियामकाला किमान दर ठरवावे लागले. २०१८ मध्ये हच आणि एतिसलात एकत्र आल्या, चार उरल्या. एअरटेल त्यांत लहान होती. टॉवरचे डिझेल ग्राहक कमी म्हणून कमी लागत नाही. तेव्हा संकटात लहान कंपनीला दर ग्राहकामागे जास्त भार पडतो. जून २०२४ मध्ये एअरटेल लंका तिथल्या डायलॉग या मोठ्या मोबाइल कंपनीत विलीन झाली आणि मोबदल्यात भारती एअरटेलला डायलॉगचे १०.३५५ टक्के शेअर मिळाले. डॉलर नसलेल्या देशातून रोख घेऊन बाहेर पडणे अवघड असते. शेअरच्या बदल्यात शेअर घेतले की कुणाला बँकेच्या दारात डॉलरसाठी उभे राहावे लागत नाही, आणि बाजार सावरला तर पुढे हिस्सा विकता येतो. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर चाराच्या तीन कंपन्या झाल्या. यापुढे स्वस्त पॅकांची चढाओढ पूर्वीइतकी राहणार नाही, असे आम्हांला वाटते.

प्रश्न : जिओ श्रीलंका टेलिकॉम घेणार होती, त्याचे काय झाले? (नवी मुंबई)

उत्तर : मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा सुमारे ३ अब्ज डॉलरचा कर्ज कार्यक्रम मंजूर झाला, त्या सुमारास सरकारी कंपन्यांतले हिस्से विकण्याचे ठरले. श्रीलंका टेलिकॉममधला सरकारचा वाटा ४९.५ टक्के. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या इच्छुकांत जिओ प्लॅटफॉर्म्सचे नाव होते. सप्टेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर आलेल्या सरकारने विक्रीचा विचार सोडून दिला.

प्रश्न : पेट्रोलसाठी क्यूआर कोड होता म्हणे. ज्यांच्याकडे साधा फोन, त्यांनी काय केले? (गडहिंग्लज)

उत्तर : जुलै २०२२ मध्ये राष्ट्रीय इंधन पास सुरू झाला. ओळखपत्राचा क्रमांक, वाहनाचा तपशील आणि मोबाइल नंबर देऊन नोंदणी करायची, एसएमएसने आलेला ओटीपी टाकायचा, की वाहनाचा कोड मिळे. सुरुवातीचा आठवड्याचा कोटा दुचाकीला ४ लिटर, तीनचाकीला ५, मोटारीला २०. नोंदणी एकदाच. कोड कागदावर छापून घेतला तरी चाले. स्कॅन करायला फोन लागे तो पंपावरच्या माणसाला, म्हणून ग्राहकाचा डेटा संपला असला तरी अडत नसे. दुसऱ्याच्या फोनवरून नोंदणी करणाऱ्यांनी ओटीपी कोणत्या नंबरवर येणार हे मात्र आधी ठरवावे लागे. बंद पडलेल्या दुसऱ्या सिमचा नंबर दिला की ओटीपी येतच नसे, आणि रांगेतला दिवस फुकट जाई.